देवमाशाची ‘उलटी’ छापता, देवमासा कधी छापणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर बातमी होती, ‘व्हेल माशाची कोट्यवधींची उलटी जप्त, तिघे ताब्यात’. सोबत फोटो. मागे पोलीस उभे, खाली मान घातलेली तीन तरणी पोरे, आणि टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत करड्या रंगाचा गोळा. अशा बातम्यांची कात्रणे मी तीन वर्षांपासून ठेवते आहे. वेगवेगळ्या पेपरांतली मिळून ती आता एकोणीस झाली. एकोणीसच्या एकोणीस बातम्यांत वजन किती, किंमत किती, आरोपी कुठले, गाडी कोणती, हे सगळे आहे. ज्या जिवाच्या पोटात ही वस्तू तयार होते त्याच्याविषयी एखादी ओळ सोडली तर काही नाही, आणि ती ओळही बहुतेक वेळा चुकीची. म्हणून हे पत्र. लांबले आहे, पण कापू नका. दोन दिवसांत विभागून छापले तरी चालेल.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. नोकरी चौतीस वर्षे झाली. त्यातली अकरा वर्षे शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांवर, बाकीची शिंदखेडा तालुक्यात. आमचे गाव तापीकाठी. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. तेव्हा देवमाशावर पत्र लिहायचा अधिकार या बाईला कुठला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर माझ्या घरात आहे.

माझ्या दिराचा मुलगा सात एकर कोरडवाहू कापूस करतो. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला, दार लावून घेतले, आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला. “काकू, तुम्ही शिकलेल्या आहात. जरा वास घेऊन सांगा,” म्हणाला. डब्यात फडक्यात गुंडाळलेला सव्वा किलोचा गोळा होता. त्यासाठी त्याने तीन लाख चाळीस हजार मोजले होते. कापसाचे आलेले सगळे, वर दोघांकडून हातउसने. मी म्हटले, कुणाच्या भरवशावर? तर त्याने खिशातून घडी घातलेली पेपरची तीन कात्रणे काढली. “पेपरातच आलंय काकू. किलोला कोटी.”

गोळ्याला मेणबत्तीचा वास येत होता. मेणच होते ते, काहीतरी काळपट कालवलेले.

तक्रार कुठे करणार? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्याप्रमाणे ही वस्तू विकणे गुन्हा, तशीच विकत घेणे आणि जवळ बाळगणे हाही गुन्हा. खरी निघाली असती तर तुरुंग होता, खोटी निघाली तर पैसे गेले. त्याच्या बायकोने पोत मोडली. त्या घरात वर्षभर कोणी मोठ्याने बोलले नाही. त्याला फसवणारा माणूस वेगळा, हे मला कळते. पण आकड्याची बातमी त्याच्या खिशात होती, आणि जिवाची बातमी कुठल्याच कागदावर नव्हती, हेही खरे आहे.

म्हणून आधी त्या ‘उलटी’चेच सांगते.

देवमाशांच्या पुष्कळ जाती आहेत. त्यातल्या स्पर्म व्हेल या एका जातीच्या पोटात प्रामुख्याने ही वस्तू सापडते. हा प्राणी एका श्वासावर हजार मीटरपेक्षा खोल बुडी मारतो आणि तासाभरानेसुद्धा वर येतो. तिथे, काळ्याकुट्ट अंधारात, तो माकूळ खातो. माकूळ म्हणजे दहा हातांचा मऊ समुद्री जीव. सगळे अंग मऊ, पण चोच राघूच्या चोचीसारखी टणक. ती पचत नाही. बहुतेक चोची देवमासा ओकून टाकतो. काही मात्र आतड्यात उतरतात, टोचतात, आणि त्यांच्याभोवती मेणासारखा थर साचत जातो. म्हणजे ती वस्तू आतड्यातली. विष्ठेबरोबर पडते, नाहीतर प्राणी मेल्यावर मोकळी होते. शंभर स्पर्म व्हेलमध्ये जेमतेम एक ते पाच जणांच्या पोटी ती होते, असा अंदाज आहे. ताजी असते तेव्हा काळी आणि शेणासारख्या वासाची. वर्षानुवर्षे उन्हात, खाऱ्या पाण्यात तरंगून करडी होते आणि वास पालटतो. अत्तराचा सुगंध टिकावा म्हणून ती वापरत. अत्तरवाले तिला अंबर म्हणतात. इतका चांगला शब्द असताना मथळ्यात ‘उलटी’ का? उलटीने किळस येते, कोटीने हाव सुटते, आणि या दोन्हींच्या मध्ये तो प्राणी कुठेच दिसत नाही.

दुसरी चूक ‘व्हेल मासा’. देवमासा हा आपला शब्द मला आवडतो, तो राहू द्या. पण मासा नाही हे एकदा तरी लिहा. शाळेत आम्ही ‘व्हेल हा सस्तन प्राणी आहे’ हे वाक्य पाठ करून घेत असू. पाठ करणाऱ्याला त्यातून काही दिसत नाही. मी स्वतः तसेच शिकवले, २००२ पर्यंत.

त्या वर्षी आम्ही शिक्षक मंडळी कोकणात गेलो. गणपतीपुळ्याला समुद्र पाहिला. आमच्यातल्या तीन बाया वाळूत बसून नुसत्या बघत राहिल्या, दर्शनाची रांग पुढे सरकली तरी उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला मत्स्यालयाच्या संग्रहालयात गेलो. तिथे देवमाशाचा सांगाडा मांडलेला आहे. मी डोक्याकडून शेपटीकडे पावले मोजत निघाले, आणि मध्येच थांबले. बाजूला वल्ह्यासारखा जो पर असतो, त्याच्या आत खांद्याचे हाड होते, दंडाचे होते, मनगट होते, पुढे बोटांच्या पेरांची रांग होती. हात होता तो. मी माझा हात त्याच्याजवळ धरून पाहिला. माशाच्या परात हात नसतो. त्या दिवशी ‘सस्तन’ या शब्दाचा अर्थ मला कळला. नोकरीची सतरा वर्षे झाली होती.

पुढे हळूहळू वाचत गेले. बदलीच्या गावी वाचनालय असेल तिथे, नंतर मुलाच्या मोबाइलवर. त्यात जे सापडले ते आपल्या शेतकरी वाचकांना तरी नक्की सांगावेसे वाटते. देवमाशाचा आज जिवंत असलेला सगळ्यात जवळचा भाऊबंद पाणघोडा. आणि त्याच गोतावळ्यात, थोड्या लांबच्या नात्याने, गाय, म्हैस, बकरी, हरीण, डुक्कर, उंट. दुभंगलेल्या खुरांची सगळी जनावरे. गाईसारखेच देवमाशाच्या पोटाचेही अनेक कप्पे असतात. मासा पोहताना शेपूट डावी-उजवीकडे हलवतो. देवमासा खाली-वर हलवतो, कारण त्याचा कणा धावणाऱ्या जनावराचा आहे. बैल उधळला की त्याची पाठ जशी खाली-वर होते, तशी.

हे नाते दगडांत सापडले, आणि आपल्याच बाजूच्या दगडांत. १९७० च्या दशकात लखनौचे अशोक साहनी यांनी कच्छमध्ये प्राचीन देवमाशांचे अवशेष शोधले. कच्छ म्हणजे आमच्या शेजारच्या गुजरातेत. जम्मू-काश्मीरच्या कालाकोट भागातून ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञांनी दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या मृत्यूनंतर ते दगड अमेरिकेतल्या हान्स थेविसेन यांच्याकडे गेले, आणि फोडल्यावर त्यातून सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा एक प्राणी निघाला. आकाराने मांजराहून जरा मोठा, काटकुळ्या पायांचा, खुरांचा, हरणाच्या जातीचा दिसणारा. कानाच्या हाडाची ठेवण मात्र देवमाशाची. त्याला ‘इंडोह्यूस’ असे नाव आहे. २००७ साली ही गोष्ट जगापुढे आली. जिवावर बेतले की तो पाण्यात उतरत असावा. त्याच्या गोतातले कोणी पाण्यात राहिले, लाखो वर्षांत मागचे पाय गळाले, नाकपुड्या डोक्यावर सरकल्या. म्हणजे जगातल्या सगळ्या समुद्रांत फिरणाऱ्या या जिवाचे मूळ गाव आपला हा उपखंड आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी चालली असताना मी हे एकदा गोठ्यात सांगितले. शेजारचा म्हातारा तूप-हळद लावता लावता थांबला. “मंग हाऊ मासा नही,” तो म्हणाला, “हाऊ ते आपला बैलना चुलतभाऊ शे.” चौतीस वर्षांत मी हे इतके नेमके कधी शिकवू शकले नाही.

आता दोराचे सांगते.

२००६ साली मी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका दोन खोल्यांच्या शाळेवर होते. सत्तेचाळीस मुले, बहुतेक पावरा आदिवासी. निळा देवमासा, म्हणजे पृथ्वीवर आजवर माहीत असलेल्या प्राण्यांत सगळ्यात मोठा, तीस मीटरपर्यंत भरतो हे पाठ करून घेण्यात काय अर्थ? तीस मीटर म्हणजे किती हे पोरांनी पाहिले कुठे आहे? मी विहिरीवरचा दोर मागवला. पट्टीने मोजून तीस मीटरवर गाठ मारली. झेंड्याच्या खांबापासून ताणत निघालो, तर हापसा मागे पडला, फाटक मागे पडले, दोर रस्त्यापलीकडच्या निंबापर्यंत गेला. मग कबड्डीच्या मैदानाला मारतो तशी फक्की मारून दोराच्या कडेने आकार काढला. सत्तेचाळीस मुले आत बसवली. तरी जागा उरली. स्वयंपाकाच्या बाईला बोलावले, शेरडे घेऊन चाललेल्या दोन म्हाताऱ्यांना बोलावले, त्यांची शेरडेही आत आली. तरी उरली.

तेव्हा तिसरीतली एक मुलगी उभी राहिली. “बाई, समुद्राचं पाणी खारं ना? मग हा पाणी काय पितो?”

मला उत्तर आले नाही. तिच्या वस्तीवर मार्चनंतर बाया रात्री दोनला उठून झऱ्यावर नंबर लावत, त्यामुळे एवढे मोठे जनावर पाहून तिला पहिली काळजी त्याच्या पाण्याची पडली. मी सांगते म्हटले, आणि बदली झाली. आता माहीत आहे. देवमासा समुद्राचे पाणी पिऊन तहान भागवत नाही. त्याला लागणारे पाणी खाण्यातून मिळते, थोडे भक्ष्याच्या अंगातले, थोडे चरबी पचताना शरीरातच तयार होणारे. त्याची मूत्रपिंडे जादा मीठ बाहेर टाकतात. ती मुलगी आज सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. तुमचा पेपर तिच्या घरी जात असेल तर हे उत्तर तिच्यासाठी आहे. एकोणीस वर्षे उशीर झाला.

निळ्या देवमाशाचे पिल्लू जन्मतःच सात मीटरचे आणि अडीच-तीन टनांचे असते. त्याला कल्ले नसतात, फुप्फुसे असतात. जन्मल्याबरोबर पाण्याच्या वर येऊन श्वास घ्यावा लागतो. नंतर दूध. पाण्याखाली ओठांनी ओढून पिता येत नाही, म्हणून आई स्नायू आवळून दुधाची धार त्याच्या तोंडात सोडते. आमच्या डेअरीवर म्हशीच्या दुधाला सात फॅट लागली की मालक खुशीत घरी जातो. या दुधाला पस्तीस ते पन्नास टक्के स्निग्धांश असतो. पातळ लोण्यासारखे ते दूध, दिवसाला दोनशे लिटरच्या आसपास. पिल्लाचे वजन दिवसाला नव्वद किलोपर्यंत वाढते. आई हे सगळे आपल्या अंगातल्या साठवलेल्या चरबीवर करते. निळ्या देवमाशासारख्या बिनदातांच्या बहुतेक मोठ्या जातींत त्या काळात तिचे खाणे नावापुरते असते, कारण अन्न गार समुद्रात आणि बाळंतपण उबदार समुद्रात.

एक गोष्ट मात्र दुरुस्त करते. या प्राण्याचे हृदय मोटारीएवढे असते आणि त्याच्या रक्तवाहिनीतून माणूस पोहत जाईल, असे मीही मुलांना सांगितले आहे, पेपरातूनही वाचले आहे. २०१४ साली कॅनडाच्या किनाऱ्यावर मेलेल्या एका निळ्या देवमाशाचे हृदय टोरांटोच्या रॉयल ऑन्टॅरिओ म्युझियमने जतन केले. ते सुमारे १८० किलो भरले. म्हणजे पावणेदोन क्विंटलच्या थोडे वर. आणि खरी नवलाई आकारात नाहीच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसले की खोल बुडीत या हृदयाचे ठोके मिनिटाला दोनपर्यंत उतरतात आणि वर श्वास घ्यायला आल्यावर सदतीसपर्यंत चढतात. पुतण्याची मुलगी पाचवीत आहे. तिला मी घड्याळ समोर ठेवून सांगितले, एक टाळी वाजव, आता अर्धा मिनिट थांब, मग दुसरी. ती थांबली. मधल्या अर्ध्या मिनिटात आम्हाला पंख्याचा आवाज ऐकू आला, बाहेरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आला, आणि तिने दुसरी टाळी वाजवली.

ज्या स्पर्म व्हेलच्या नावाने आमच्या घरातले पैसे गेले, त्याच्या घरचे सांगायलाच हवे. त्यांच्यात माद्या आणि पिल्ले एकत्र राहतात. आई, मावशी, आजी, त्यांची लेकरे. नर वयात येऊ लागले की निघून जातात, पार ध्रुवांकडच्या गार पाण्यापर्यंत. पिल्लाला हजार मीटर खाली जाता येत नाही, मग आई माकूळ शोधायला उतरली की तोवर दुसरी एखादी वर थांबते. कापूस वेचायला गेलेल्या बायांची पोरे बांधावरच्या झाडाखाली झोळीत असतात आणि एक म्हातारी झोके देत बसलेली असते, ते डोळ्यांपुढे आणा. हे प्राणी एकमेकांशी टकटक आवाजात बोलतात. या टकटकीच्या ठरावीक लयी असतात, आणि एकाच समुद्रात राहणाऱ्या वेगवेगळ्या गोतांच्या लयी वेगवेगळ्या असतात. पिल्लू ती आपल्या माणसांत राहून शिकते. अहिराणी घरात बोलणारे, शाळेत मराठी बोलणारे आणि बाजारात गुजराती समजणारे आम्ही लोक. आम्हाला हे पटायला वेळ लागू नये.

आणि आजीचे. हे मी माझ्या वयामुळे जास्त मनावर घेतले असेल. ओर्का नावाची जात आहे, डॉल्फिनच्या कुळातली, तिला किलर व्हेल म्हणतात. तिच्या माद्यांची वीण चाळिशीच्या आसपास थांबते, पण त्या पुढे कित्येक दशके जगतात. माणसाखेरीज फार थोड्या प्राण्यांत असे होते. का जगतात? कॅनडा-अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर एकेक ओर्का ओळखून पन्नासेक वर्षे नोंदी ठेवल्या आहेत. त्यातून दिसले की कळपाच्या पुढे बहुधा या म्हाताऱ्या असतात, आणि ज्या वर्षी त्यांचे मुख्य अन्न असलेला सॅमन मासा कमी येतो त्या वर्षी तर हटकून असतात. पूर्वीच्या वाईट वर्षांत मासा कुठे मिळाला होता हे त्यांना ठाऊक असते. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. आमच्या नाल्यात कोणत्या वळणावर झिरा खोदला तर पाणी लागते हे गावात माझ्या आजीला आणि अजून एका म्हातारीला माहीत होते. दोघींनी लहानपणी तसला दुष्काळ पाहिला होता. तिथेच खणले, आणि पाणी लागले. आपल्याकडे जनावर भाकड झाले की त्याची किंमत संपते. त्या समुद्रात भाकड झालेली पुढे चालते.

खान्देशाला समुद्र नाही, मग आम्हाला हे कशाला, असे मला एका शिक्षक मित्रानेच विचारले होते. तापी कुठे जाते? आमच्या घाटावरून निघते, उकाईवरून सुरतेपाशी अरबी समुद्राला मिळते. त्या समुद्रात हंपबॅक देवमाशांचे एक आगळे गोत आहे. जगातले बाकीचे हंपबॅक दरवर्षी हजारो किलोमीटर जाऊन येतात, गार पाण्यात खायला आणि उबदार पाण्यात वीण करायला. अरबी समुद्रातले हे बाराही महिने इथेच राहतात. कारण मोसमी वारे. ज्या वाऱ्यांकडे आम्ही मृग लागला की डोळे लावून बसतो, तेच वारे ओमानच्या किनाऱ्याला खालचे गार, कसदार पाणी वर आणतात आणि तिथे यांचे अन्न पिकते. एकाच पावसाळ्यावर त्यांचे पोट आणि आमचा कापूस. हे गोत सुमारे सत्तर हजार वर्षे इतरांपासून वेगळे राहिले आहे असे त्यांच्या जनुकांवरून कळते. ओमानच्या किनाऱ्यावरच्या गणतीत ते शंभरही भरले नाहीत.

इतके थोडे का, त्यामागे एक काळी गोष्ट आहे. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्याजवळ मिळून सुमारे २४० हंपबॅक मारले. चोरून मारले. नव्वदच्या दशकात जुनी कागदपत्रे बाहेर आली तेव्हा जगाला कळले. मी त्या वेळी पाच वर्षांची होते, तापीत पाय सोडून बसत असे. विसाव्या शतकात जगभर मिळून सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. तेलासाठी, मांसासाठी, खतासाठीसुद्धा. व्यापारी शिकारीवर बंदी १९८६ पासून आहे.

२०१७ च्या शेवटी त्या उरलेल्यांपैकी एक मादी, जिच्या पाठीवर उपग्रहाला ठिकाण कळवणारे यंत्र बसवले होते, ओमानहून सगळा अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याला आली आणि पुढे दक्षिणेच्या टोकाकडे गेली. तिचे नाव लुबान. ओमानमध्ये लुबान म्हणजे ऊद, धूप. तो हंगाम गुलाबी बोंडअळीचा होता. आमच्याकडे लोक उभ्या कपाशीत जनावरे सोडत होते, पेपर त्याच बातम्यांनी भरलेले, आणि ते योग्यच होते. पण एका चौकटीत लुबान मावली असती.

आपल्या पेपराला श्रेय द्यायचे तेही देते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे पिल्लू अडकले, तेव्हा आपण दोन दिवस ठळक बातमी दिली होती. गावकरी, वनखात्याची माणसे, मच्छीमार त्याच्या अंगावर पाणी मारत राहिले, चाळीसेक तास झगडून त्याला खोल पाण्यात नेऊन सोडले. ते वाचले नाही. ज्या वाळूत मी पहिल्यांदा समुद्र पाहिला त्याच वाळूत ते पडलेले मी मोबाइलवर पाहिले, आणि पुतण्याही माझ्या शेजारी बसून पाहत होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “काकू, हा जीव असा असतो हे मला आधी कुणी दाखवलं असतं तर.” वाक्य त्याने पुरे केले नाही.

मार्च २०१९ मध्ये फिलिपिन्समध्ये एक देवमासा मेला, त्याच्या पोटात चाळीस किलो प्लास्टिक होते. आमच्या बाजारपेठेत फिरणाऱ्या गाईंच्या पोटातून डॉक्टर पिशव्यांचे गोळे काढतात, ते मी पाहिले आहे. एक जमिनीवर राहिली, एक पाण्यात उतरली, आणि दोघींच्या पोटात शेवटी आपलीच पिशवी.

माझे मागणे फार नाही. अंबर जप्त झाल्याची बातमी जरूर द्या, पण मथळ्यातली किंमत काढा. ती किंमत पोलीस सांगतात की आरोपी, कुणास ठाऊक, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात तेवढीच राहते. त्या जागी ‘विकत घेणाऱ्यालाही शिक्षा’ हे लिहा. कायद्याचा हा भाग माझ्या पुतण्याला कुठल्याही कात्रणात सापडला नव्हता. आणि अशा प्रत्येक बातमीशेजारी चार बोटांची एक चौकट त्या प्राण्याची द्या. आज त्याचे दूध, उद्या त्याची बोली, परवा त्याची आजी. लिहायला कोणी नसेल तर मी लिहीन, मानधन नको. आमच्याकडच्या शाळांच्या सहली वेरूळला जातात, शिर्डीला जातात, सापुताऱ्याला जातात. रत्नागिरी लांब आहे, खर्च मोठा आहे, मुक्काम करावा लागतो, हे सगळे मला माहीत आहे. तरी तालुक्यातून वर्षाला एका शाळेने जाऊन तो सांगाडा बघावा, आणि मुलांनी त्या हाताशेजारी आपला हात धरावा.

पुतण्याची मुलगी परवा विचारत होती, “आजी, बाबांनी आणलेला तो गोळा कुणाचा होता?” मी तिला खरे सांगितले, कुणाचाच नव्हता, मेण होते. मग तिने दोर मागितला.

तो दोर मी बदलीच्या वेळी माझ्या पैशाने नवा घेऊन शाळेला दिला आणि जुना घरी आणला. ओसरीत खुंटीला आहे. शिंदखेडा, शिरपूर, दोंडाईचा या बाजूच्या कोणत्याही शाळेला हवा असेल तर आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा, मी स्वतः घेऊन येईन. त्याला दोन गाठी आहेत. पहिली सात मीटरवर, ती पिल्लाची. दुसरी तीस मीटरवर, आईची. फक्की तेवढी शाळेने आणून ठेवावी.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. शिंदखेडा, जि. धुळे